चार गिटारी आणि ऐकण्याचे शिक्षण

सायंकाळी बाळकुम नाक्यावर उभे राहिले म्हणजे ठाणे शहराची वाढ डोळ्यांआधी कानांना कळते. कशेळीच्या पुलावरून येणारी भिवंडीची अवजड वाहने, कापूरबावडीच्या दिशेने रेंगाळणारी गाड्यांची रांग आणि नव्या मनोऱ्यांच्या बांधकामाची यंत्रे यांचा एकच अखंड गजर तेथे चाललेला असतो. डिसेंबर २०१८ मध्ये ज्या ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्गाची पायाभरणी कल्याण येथे झाली, त्याचे खांबही याच परिसरातून गेले आहेत. आगरी-कोळी बांधवांचे हे जुने खाडीकाठचे गाव आज महानगराचा एक चौक झाले आहे. सण-उत्सवांच्या दिवसांत या गजरात ध्वनिवर्धकांची भर पडते आणि त्याला कोणताही धर्म वा पंथ अपवाद नाही.

केंद्र शासनाने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत घालून दिली आहे. ही मर्यादा आपल्या रस्त्यांवर किती पाळली जाते, हे वाचकांना सांगावयास नको. परंतु नियम फार तर आवाजाला बंदी करू शकतो, माणसाला ऐकावयास शिकवू शकत नाही. ते काम शिक्षणाचे आणि संस्कारांचे आहे. म्हणूनच, अशा कोलाहलाच्या ठिकाणी उभे राहून अभिजात गिटारवृंदाच्या संगीताविषयी बोलणे प्रथमदर्शनी विसंगत वाटले, तरी प्रत्यक्षात ते अत्यंत समयोचित आहे, असे आम्हांस वाटते.

गिटारी अनेक, वृंद विरळा

आपल्या धर्मग्रामांत गिटारींची वाण नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील कोणत्याही ख्रिस्ती वस्तीत दोन-चार घरे फिरले की एखाद्या कपाटावर गवसणीत घातलेली गिटार दिसतेच. रविवारच्या मिस्सेत गायकवृंदाच्या साथीला ती असते, नाताळच्या गीतफेरीत ती असते, तरुणांच्या शिबिरात ती असते. अनेक मुले-मुली ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा असोसिएटेड बोर्ड यांच्या परीक्षांना बसतात आणि पहिल्या इयत्तेपासून आठव्या इयत्तेपर्यंतची प्रमाणपत्रे मिळवितात. ही निश्चितच कौतुकाची बाब आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परीक्षेची तयारी मुख्यतः एकट्याने करावयाची असते. मूल ठरावीक रचना खोलीचे दार लावून घोटते, परीक्षकापुढे वाजविते, प्रमाणपत्र भिंतीवर लावते आणि दहावी-बारावीचा अभ्यास सुरू झाला की गिटार गवसणीत जाते. दुसरीकडे गायकवृंदात वाजविणाऱ्या तरुणाला चार-सहा स्वरसंघ येतात, हाताची एक लय बसलेली असते आणि ध्वनिवर्धकाची कळ वर केली की काम भागते. अलीकडे तर भ्रमणध्वनीवर तयार ट्रॅक लावून गाण्याची प्रथा पडू लागली आहे, म्हणजे तेवढ्या वादकाचीही गरज उरत नाही. एक जण एकट्याने वाजवितो, दुसरा इतरांच्या गाण्याखाली वाजवितो. परंतु चार जणांनी समोरासमोर बसून, एकमेकांचे ऐकत, समान जबाबदारीने वाजविण्याचा अनुभव या दोघांनाही क्वचितच मिळतो. हा अनुभव गिटारवृंदात मिळतो.

गिटारवृंद म्हणजे काय?

पाश्चात्त्य संगीतात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, त्याला आपण मराठीत कक्षसंगीत म्हणू. कक्ष म्हणजे खोली. भव्य सभागृहासाठी नव्हे, तर दिवाणखान्यातील मोजक्या श्रोत्यांसाठी रचलेले हे संगीत आहे. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील गाण्याची बैठक हीच गोष्ट आहे. गवई आणि श्रोता यांच्यात चार हातांचे अंतर, मधे ध्वनिवर्धक नाही, जागा घेताना झालेली स्वराची बारीक हालचालही ऐकू यावी अशी शांतता. भेद इतकाच की आपल्या बैठकीत एक मुख्य कलावंत असतो आणि इतर त्याची साथ करतात. कक्षसंगीतात मात्र प्रत्येक वादकाला स्वतंत्र ओळ असते आणि ती त्याच्याशिवाय दुसरे कोणी वाजवीत नाही.

गिटारवृंदात सामान्यतः चार वादक असतात. ते अर्धवर्तुळात बसतात. संचालक नसतो. पहिली गिटार बहुधा मुख्य सुरावट मांडते, दुसरी आणि तिसरी मधले धागे विणते आणि चौथी खर्जाचा पाया धरते. परंतु चांगल्या रचनेत या भूमिका सतत बदलत राहतात. आता ज्याच्याकडे सुरावट होती, तो पुढच्या क्षणी केवळ दोन स्वरांची साथ करतो आणि खर्ज धरणारा एकाएकी अग्रभागी येतो.

यात एक तांत्रिक अडचण आहे व तीच या प्रकारची खरी शिक्षिका आहे. व्हायोलिनचा गज स्वर हळूहळू फुलवू शकतो. चार व्हायोलिने किंचित मागेपुढे निघाली तरी कान ते क्षमा करतो. गिटारीची तार मात्र छेडली की स्वर तत्क्षणी जन्मतो आणि लगेच विरू लागतो. चार बोटांनी चार तारा एकाच क्षणी छेडल्या नाहीत, तर श्रोत्याला एका स्वरसंघाऐवजी चार सांडलेले स्वर ऐकू येतात. म्हणून वादक एकमेकांच्या श्वासाकडे पाहतात. रचना सुरू होण्यापूर्वी पहिला वादक मानेने सूचना देतो, सगळे एकत्र श्वास घेतात आणि हात पडतात. स्वतःचे वाजविणे पाठ झाल्यावरच दुसऱ्याचे ऐकणे शक्य होते आणि दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय वृंद उभा राहत नाही. आवाज वाढवून चूक झाकण्याची सोय येथे नाही, कारण गिटारीचा मूळ आवाज बोलण्याच्या आवाजाहून फारसा मोठा नसतो.

या वाद्याची वाटचाल

आजच्या अभिजात गिटारीला आकार देणारा कारागीर म्हणून स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७-१८९२) याचे नाव घेतले जाते. त्याने गिटारीची कुडी मोठी केली आणि आतील लाकडी पट्ट्यांची पंख्यासारखी रचना प्रस्थापित केली, त्यामुळे आवाजाला भरदारपणा आला. त्याआधीच युरोपमधील घराघरांत गिटार कक्षसंगीताचे वाद्य म्हणून रुळली होती. व्हायोलिनवादनासाठी जगप्रसिद्ध असलेल्या पागानिनीने व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि गिटार यांच्यासाठी पंधरा चतुष्टके लिहिली आहेत. बोकेरिनीची गिटार-पंचकेही आज आवडीने वाजविली जातात. विसाव्या शतकात आंद्रेस सेगोविया (१८९३-१९८७) यांनी या वाद्याला मोठ्या संगीतगृहात मानाचे स्थान मिळवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांची जागा नायलॉनच्या तारांनी घेतली आणि हे वाद्य सामान्य घराच्या अधिक आवाक्यात आले.

चार गिटारींचा वृंद ही मात्र तुलनेने अलीकडची घडण आहे आणि तिचा आरंभ एका कुटुंबात झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सेलेदोनियो रोमेरो हे स्पॅनिश गिटारवादक १९५७ साली पत्नी व मुलांसह अमेरिकेत स्थलांतरित झाले. १९६० साली त्यांनी सेलिन, पेपे आणि आंखेल या तीन पुत्रांसह वृंद स्थापन केला. पित्याने पुत्रांना शिकविले आणि नंतर त्यांच्या शेजारी बरोबरीने बसून वाजविले. याच कुटुंबासाठी होआकिन रोद्रिगो यांनी १९६७ साली चार गिटारी व वाद्यवृंद यांचा 'कॉन्चेर्तो आंदालुझ' रचला. पुढे १९८० साली लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेट स्थापन झाला. या वृंदाला २००५ साली ग्रॅमी पुरस्कार लाभला.

अशा वृंदाच्या मैफलीत विविधता असते, किंबहुना ती असावीच लागते, कारण चार गिटारींसाठी मुळात लिहिलेले संगीत अद्याप मर्यादित आहे. त्यामुळे प्रिटोरियसने १६१२ साली प्रकाशित केलेली नृत्ये, बाखचे ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्तो, बिझेच्या 'कार्मेन' या संगीतिकेतील प्रवेश, अशी अन्य वाद्यांसाठी लिहिलेली कामे चार गिटारींत वाटून घेतली जातात. ज्या खोलीत आता बाखचे गणिती सौंदर्य होते, तेथेच थोड्या वेळाने स्पेनमधील फान्दान्गो नृत्याची पावले ऐकू येतात.

या वाद्यसमूहासाठीच लिहिलेल्या रचनांपैकी एकीचा उल्लेख पावसाळ्याशी नाते असलेल्या आपल्या वाचकांसाठी करावासा वाटतो. क्यूबाचे लिओ ब्रोवर यांनी १९८४ साली 'पावसातील क्यूबाचे निसर्गदृश्य' या अर्थाच्या शीर्षकाची रचना केली. तिचा आरंभ सुट्या स्वरांनी होतो. एका गिटारीवर एक थेंब पडतो, दुसरीवर दुसरा. मग थेंब दाटू लागतात, चारही वाद्यांतून सर कोसळते आणि शेवटी ती ओसरते. हे ऐकावयास पाश्चात्त्य संगीताचे पूर्वज्ञान लागत नाही. खाडीवरून येणारा पाऊस ज्याने पत्र्यावर ऐकला आहे, त्या बाळकुमच्या मुलालाही ते पहिल्याच बैठकीत कळेल.

आपलाच विसरलेला वारसा

"हे सारे पाश्चात्त्यांचे, आपल्याला त्याचे काय?" असा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की वाद्य कोठून आले यापेक्षा त्याचे आपण काय केले हे महत्त्वाचे असते. हार्मोनियम फ्रान्समधून आली. आज पेटीशिवाय आपले भजनही होत नाही आणि नाट्यसंगीतही होत नाही. व्हायोलिन कर्नाटक संगीतात केव्हाच घरचे झाले. खुद्द गिटारीला पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतात आणले आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांना त्याच परंपरेतील आपल्या मोहनवीणेसाठी १९९४ साली ग्रॅमी पुरस्काराचा मान मिळाला.

दुसरे उत्तर आपल्या इतिहासात आहे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाई. ही व्यवस्था वसाहतवादी सत्तेच्या छायेत जन्मली होती आणि तिचा हेतू उपासनेतील गायनापुरता होता, हे नाकारता येत नाही. परंतु तिचे फळ सर्व देशाने चाखले. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीला जेव्हा मोठ्या वाद्यवृंदाची गरज पडली, तेव्हा कागदावरील स्वर पाहताक्षणी वाचून तीस-चाळीस जणांत मिसळून वाजवू शकणारे वादक प्रामुख्याने या गोमंतकीय कॅथॉलिकांतून मिळाले. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांसारख्या संयोजकांची नावे श्रेयनामावलीत फारशी झळकली नाहीत, पण त्यांचे काम आपण सर्वांनी ऐकले आहे.

माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे त्यांच्यातील एक अग्रणी. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील नायकाचे नाव हे त्या गुरूला वाहिलेली आदरांजली होती. परंतु गोन्साल्विस यांचे स्वप्न चित्रपटापुरते नव्हते. १९५८ साली त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या वृंदरचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांनी त्यांत गायन केले. प्रयोग मोठा होता, पण तो टिकून राहील अशी संस्था त्यामागे उभी राहिली नाही. आपल्या समाजाने या गोष्टीचा अवश्य विचार करावा. कलावंत आपण दिले. त्यांना एकत्र वाजविण्यासाठी कायमचे छप्पर मात्र दिले नाही.

अलीकडच्या काळात आशादायक प्रयत्नही झाले आहेत. डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था स्थापन करून वंचित मुलांना पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण देण्याचे कार्य हाती घेतले. ज्या मुलांच्या घरी वाद्य घेण्याची ऐपत नाही, ती मुले समूहात बसून वाजवू शकतात, हे अशा कार्यातून दिसते. मुंबईत राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात या संगीताचे कार्यक्रम होतात. परंतु ठाणे-कल्याणच्या मुलाला तेथे जावयाचे म्हणजे लोकलचा दीर्घ प्रवास आणि परतीची शेवटची गाडी यांचा हिशेब करावा लागतो. म्हणून हे संगीत त्याच्या वस्तीत यावयास हवे.

जागेचा प्रश्न आणि ख्रिस्तसभेची भूमिका

गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर, सावित्रीबाई फुले नाट्यगृह ही आपल्या परिसराची भूषणे आहेत. पण ती मुख्यतः नाटकासाठी आहेत आणि तेथे चार गिटारींचा आवाज ध्वनिवर्धकाविना शेवटच्या रांगेपर्यंत नेणे कठीण. या संगीताला लागते ती शंभरेक खुर्च्यांची, उंच छताची, पंख्याची घरघर नसलेली खोली. अशी खोली धर्मग्रामाच्या सभागृहाच्या किंवा शाळेच्या दिवाणखान्याच्या रूपाने आपल्याकडे असू शकते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रत्यक्ष मंदिरात अशी मैफल करावी काय? व्हॅटिकनच्या उपासनाविषयक मंत्रालयाने ५ नोव्हेंबर १९८७ रोजी चर्चमधील मैफलींविषयी मार्गदर्शक पत्र काढले. चर्च हे केवळ सार्वजनिक सभागृह नव्हे, तेथील संगीत त्या स्थानाच्या पावित्र्याशी सुसंगत असावे आणि अशा कार्यक्रमांना प्रवेश विनामूल्य असावा, असा त्याचा आशय आहे. कार्मेन आणि फान्दान्गो यांचा समावेश असलेली संमिश्र मैफल त्या चौकटीत बसणार नाही. तिची जागा सभागृहात. यात संगीताचा अवमान नाही, तसा चर्चचाही नाही.

गिटारीविषयी मात्र काही ज्येष्ठांच्या मनात अजूनही किंतु असतो, म्हणून थोडा इतिहास सांगणे उचित होईल. परमगुरू दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो आणि गोंगाटी वाद्ये उपासनेत निषिद्ध ठरविली. त्या पत्रात गिटारीचे नाव नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक संविधानात पाइप ऑर्गनचा विशेष गौरव केला आणि त्याचबरोबर अन्य वाद्येही पवित्र कार्यास अनुरूप असतील तर स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने स्वीकारावीत, अशी मोकळीक दिली. त्याच्याही फार पूर्वी, २४ डिसेंबर १८१८ रोजी, ऑस्ट्रियातील ओबेरन्डॉर्फ या नदीकाठच्या गावी जोसेफ मोर या तरुण धर्मगुरूने आपले गीत फ्रान्झ ग्रुबर या शिक्षकाने दिलेल्या चालीवर गायिले. साथीला होती केवळ एक गिटार. ते गीत म्हणजे आज जगभर नाताळात गायिले जाणारे 'सायलेंट नाइट'. मोर यांची ती गिटार हालाइन येथील संग्रहालयात जतन केली आहे. शांत रात्रीचे गीत शांत वाद्यावर जन्मले, यात आपल्या आजच्या नाताळ सोहळ्यांसाठी पुरेसा बोध आहे.

काय करता येईल?

आम्ही मोठ्या योजना सुचवू इच्छित नाही. धर्मग्रामाच्या सभागृहात आठवड्यातून एक तास, चार-चारांचे गट, एक जाणकार शिक्षक आणि स्टाफ नोटेशन वाचण्याचा आग्रह, इतक्याने आरंभ होऊ शकतो. कपाटांवर पडून असलेल्या गिटारी दुरुस्त करून सामायिक ठेवता येतील, म्हणजे वाद्य नाही म्हणून कोणी मूल दाराबाहेर राहणार नाही. हे दार सर्वधर्मीय मुलांसाठी उघडे असावे, हे वेगळे सांगावयास नको. चाळीतील, गावठाणातील आणि मनोऱ्यांतील मुले एरवी एकमेकांना फक्त उद्वाहकात वा वाहतुकीच्या कोंडीत भेटतात. येथे त्यांना एकमेकांच्या श्वासाची दखल घ्यावी लागेल.

वर्षातून दोनदा तासाभराची मैफल व्हावी. ध्वनिवर्धक नसावा. प्रत्येक रचनेपूर्वी दोन वाक्ये मराठीत सांगावीत. कार्यक्रमात बाख असावा, तसाच गोव्याचा मांडोही असावा, कारण मांडो मुळातच दोन आवाजांत गायिला जातो आणि गिटारींना तो शोभून दिसतो. आपली कोळीगीते आणि ईस्ट इंडियन लग्नगीतेही चार गिटारींसाठी लिहिता येतील. ते काम मोठी झालेली मुलेच करतील. पावसाळ्यात मात्र वाद्यांची निगा राखावी लागेल, कारण खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड फुगते आणि सूर उतरतो.

यात अडचणी आहेत. जाणकार शिक्षकांना योग्य मानधन द्यावे लागेल, ते सेवेच्या नावाखाली टाळणे न्यायाचे नाही. पालक विचारतील की याचे गुण किती. सुरुवातीला समोर वीसच श्रोते असतील आणि त्यांतील दोघांचे भ्रमणध्वनी वाजतील. तरीही हा खर्च आणि हा धीर वाया जाणार नाही.

वाचकहो, आपल्या समाजात बोलण्याची साधने अमाप वाढली आहेत. सभेत, समाजमाध्यमांवर, मिरवणुकीत प्रत्येक जण आपला आवाज वाढवीत आहे आणि आपले कोणी ऐकत नाही ही तक्रारही प्रत्येकाचीच आहे. अशा वेळी एखाद्या सायंकाळी चार मुले सभागृहात बसतात, एकत्र श्वास घेतात आणि ज्याच्याकडे सुरावट आहे त्याला वाट देण्यासाठी इतर तिघे आपला आवाज किंचित खाली आणतात. पुढच्या ओळीत त्यांची पाळी येते, तेव्हा तोही तसेच करतो. कुटुंब, धर्मग्राम किंवा नगर चालविण्यासाठी याहून वेगळे काही लागत नाही. बाळकुमच्या नाक्यावरचा गजर एका मैफलीने थांबणार नाही, पण त्या गजरातही दुसऱ्याचा स्वर ओळखणारे काही कान आपण निश्चितच तयार करू शकतो.